तीन पेन्सची खाच : एका जुन्या बार बिलियर्ड टेबलाचा निर्माता आणि वय कसे ठरले

रेडिंगच्या उत्तरेस थेम्स ओलांडली की ऑक्सफर्डशायरची गावे सुरू होतात. त्यांपैकी एका गावाचा सार्वजनिक हॉल आम्ही काही मराठी कुटुंबे गणेशोत्सवासाठी भाड्याने घेतो. त्या हॉलच्या समितीवर असलेल्या एका मराठी ताईंनी मागच्या हिवाळ्यात मला बोलावून घेतले. गावातला पब बंद झाला होता, आणि त्याच्या मालकाने जाताना आपले बार बिलियर्डचे टेबल हॉलला देऊन टाकले होते. समितीपुढे दोन प्रश्न होते. टेबल विकायचे की ठेवायचे, आणि ठेवायचे असेल तर त्याच्या दर्शनी दाराला नवे भोक पाडून त्यात आजचे एक पौंडाचे नाणे घेणारे यंत्र बसवायचे की नाही. दोन्ही प्रश्नांचे उत्तर टेबल कोणी बनवले आणि ते किती जुने आहे यावर अवलंबून होते. पुण्यात भोसरीला टूलरूममध्ये माझी वीस वर्षे गेली असल्यामुळे मोजमापाचे काम माझ्याकडे येणे स्वाभाविक होते. दाराला हात लावण्याआधी मला पाहू द्या, एवढी एकच अट मी घातली.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नसतो, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. जिमखान्यातले बिलियर्डचे टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असते, आणि त्याच्या चारही बाजूंनी काठी फिरवायला जागा लागते. बार बिलियर्डचे टेबल त्याच्या मानाने अगदी लहान असते आणि खेळाडू एकाच टोकाला उभा राहून खेळतो, त्यामुळे ते पबच्या भिंतीला टेकवून ठेवता येते. कडेला पिशव्या नसतात. बनातीने (जाड लोकरी कापडाने) मढवलेल्या पृष्ठभागातच नऊ भोके असतात, त्यांना १० पासून २०० पर्यंत गुण ठरलेले असतात, आणि काही भोकांच्या पुढे भूछत्रासारख्या छोट्या खुंट्या उभ्या असतात. पांढरी खुंटी पडली तर त्या पाळीचे गुण जातात आणि काळी पडली तर तोवर मिळवलेले सगळेच जातात. सात पांढरे आणि एक लाल असे आठ चेंडू असतात. नाणे टाकले की आतले घड्याळ चालू होते, आणि तोवर भोकात गेलेला प्रत्येक चेंडू घरंगळत पुन्हा खेळाडूकडे येतो. ठरलेली वेळ संपली की आत एक आडवा दांडा पडतो, त्यानंतर गेलेला चेंडू परत येत नाही, आणि चेंडू संपले की खेळ संपतो. म्हणजे हे एकाच वेळी खेळाचे टेबलही आहे आणि गल्ला असलेले यंत्रही आहे. माझ्या तपासाला दिशा मिळाली ती या दुसऱ्या गोष्टीमुळे.

खेळाचा इंग्लंडमधला इतिहास लहान आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी डेव्हिड गिल या इंग्रज गृहस्थाने बेल्जियममध्ये ‘बियार रूस’ नावाचा खेळ पाहिला आणि लंडनच्या जेल्क्स कंपनीला तसे टेबल बनवायला राजी केले. ऑक्सफर्डमध्ये १९३६ साली या खेळाची पहिली लीग सुरू झाली. पुढे जेल्क्सबरोबर सॅम्स, रायली, बरोज अँड वॉट्स अशा इतर कारखानदारांनीही टेबले बनवली. म्हणून ‘जुने बार बिलियर्ड टेबल’ म्हटले की सर्वांत मागे जाऊन आपण १९३० च्या दशकापर्यंतच पोहोचतो. विक्रेत्यांच्या तोंडी सर्रास येणारा ‘व्हिक्टोरियन’ हा शब्द या वस्तूला लावताच येत नाही.

मी हॉलवर पोहोचलो तेव्हा तीन मते तयार होती. गावातल्या वयस्कर मंडळींचे मत असे की टेबल ऑक्सफर्ड लीगच्या पहिल्या दिवसांपासूनचे, म्हणजे १९३६ चे आहे. समितीच्या खजिनदारांचे म्हणणे होते की ते रेडिंगमध्ये बनले आहे, कारण दारावर रेडिंगच्या एका कंपनीची ॲल्युमिनियमची पाटी होती. तिसरे मत एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचे होते. त्याने नाण्याची खाच पाहून, त्यात २० पेन्सचे नाणे व्यवस्थित जाते हे दाखवून, टेबल १९८२ नंतरचे आहे असे सांगितले होते आणि त्या हिशेबाने किंमतही फारच कमी लावली होती. त्याचा आधार वरवर पाहता भक्कम होता, कारण २० पेन्सचे नाणे ब्रिटनमध्ये जून १९८२ मध्येच आले.

पाटीचा निकाल पटकन लागला. तिच्यावर कंपनीच्या नावाखाली दूरध्वनी क्रमांक होता आणि त्याची सुरुवात ०७३४ ने होत होती. हा रेडिंगचा जुना क्रमांक आहे. एप्रिल १९९५ मध्ये ब्रिटनभर क्रमांकांत एक जादा अंक घातला गेला तेव्हा तो ०१७३४ झाला आणि पुढे काही वर्षांत ०११८ आला. म्हणजे पाटी १९९५ च्या आधीची आहे. पण पाटीवर ‘निर्माते’ असे कुठेही नव्हते, ‘दुरुस्तीसाठी संपर्क’ असे होते. इंग्लंडच्या पबमधली खेळाची यंत्रे बहुधा पबमालकाची नसत. एखादी कंपनी ती भाड्याने ठेवत असे, गल्ल्यातला वाटा घेत असे आणि बिघाड झाला तर माणूस पाठवत असे. ही पाटी अशा भाड्याने देणाऱ्या कंपनीची होती. पाटी ज्या दोन स्क्रूंनी बसवली होती त्यांच्या डोक्यावर चौफुलीची खाच होती, आणि दाराचे बाकी सगळे स्क्रू सरळ खाचेचे होते. ती मागाहून आली हे सांगायला तेवढा फरक पुरेसा होता.

यानंतर मी दार काढून खिडकीखालच्या बाकावर ठेवले आणि त्याच्या मागच्या बाजूकडे वळलो. पूर्ण दुपार तिथेच गेली.

दाराच्या दर्शनी बाजूस दोन खाचा होत्या. उजवीकडची पितळी पट्टीने बंद केलेली होती आणि पट्टीच्या कडेला ‘१० पी’ अशी कोरलेली अक्षरे अर्धवट दिसत होती. डावीकडची चालू होती आणि तिच्यातच २० पेन्स जात होते. तिची रुंदी समोरून मोजली तेव्हा व्हर्निअर कॅलिपरवर २.१ मिलिमीटर आली. २० पेन्सचे नाणे १.७ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे व्यापाऱ्याचे म्हणणे इथवर बरोबर जुळत होते. पण मागून पाहिले तेव्हा खाचेच्या आतल्या कडेला पितळेची एक बारीक पट्टी दोन छोट्या चौफुली स्क्रूंनी बसवलेली दिसली. ती सोडवून घेतली आणि पुन्हा मोजले. मूळ खाच २.९ मिलिमीटर रुंद आणि २२.६ मिलिमीटर उंच होती.

ब्रिटिश नाण्यांच्या मापांची यादी समोर ठेवली तर या खाचेत बसणारे नाणे एकच आहे. जुनी पेनी जवळजवळ ३१ मिलिमीटर व्यासाची, त्यामुळे ती उंचीतच अडते. शिलिंग २३.६ मिलिमीटरचा, तोही जात नाही. सहा पेन्सचे नाणे १९.४ मिलिमीटरचे आणि पातळ, त्याच्यासाठी २.९ ची खाच कोणी कापणार नाही. एक पौंडाचे जाड नाणे १९८३ मध्ये आले, पण ते ३.१५ मिलिमीटर जाड असल्याने या फटीत शिरतच नाही. उरते ते तीन पेन्सचे बारा कोनांचे पितळी नाणे. समोरासमोरच्या कडांमध्ये २१, कोनांमध्ये जेमतेम २२, आणि जाडी पूर्ण २.५ मिलिमीटर. खिशात हात घालून न पाहता ओळखता यावे म्हणून ते मुद्दाम जाड आणि कोनदार केले होते. आपल्याकडे दोन आण्याचे चौकोनी आणि एक आण्याचे नागमोडी कडेचे नाणे ज्यांनी हाताळले आहे त्यांना ही सोय वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

या नाण्याच्या तारखा पक्क्या आहेत. ते १९३७ मध्ये, सहाव्या जॉर्जच्या काळात, चलनात आले. त्याआधी तीन पेन्सचे नाणे चांदीचे, जेमतेम सोळा मिलिमीटरचे आणि पातळ होते, आणि ते या खाचेतून सरळ निसटून गेले असते. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, आपल्यानंतर जवळपास चौदा वर्षांनी, दशमान चलन स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर बारा कोनांचे नाणे बंद झाले. म्हणून ही खाच १९३७ च्या आधीची असू शकत नाही आणि १९७१ च्या नंतरची असण्याला काही अर्थ उरत नाही. गावातल्या मंडळींचे १९३६ आणि व्यापाऱ्याचे १९८२ ही दोन्ही मते एका फटीच्या रुंदीवर बाद झाली.

तरीही एक शंका उरत होती, आणि ती मला मोलाची वाटली. २० पेन्सचे नाणे पाच ग्रॅमचे आणि तीन पेन्सचे ६.८ ग्रॅमचे असते. जड नाण्यासाठी बनवलेली तरफ हलक्या नाण्याने हलली कशी? नाणे तरफेच्या एका टोकाला पडते आणि दुसऱ्या टोकाचे शिशाचे वजन उचलले गेले की घड्याळाचा खटका सुटतो, अशी ही रचना आहे. मी वजन बाहेर काढले. शिशाचा तो गठ्ठा हाताने ठोकून केलेला होता, वरचा भाग काळवंडून खडबडीत झाला होता, आणि खालच्या अंगाला मात्र ड्रिलने पाडलेली दोन नीटस भोके होती. प्रत्येक चार मिलिमीटर व्यासाचे आणि सहा मिलिमीटर खोल. शिशाची घनता धरून हिशेब केला तर दोन्ही भोकांतून मिळून १.७ ग्रॅम शिसे गेलेले होते. तरफेचे दोन्ही हात जवळजवळ समान होते, आणि दोन नाण्यांच्या वजनांतला फरक १.८ ग्रॅमचा आहे. ज्या कारागिराने हे केले त्याने बहुधा थोडे कोरायचे, नाणे टाकून पाहायचे, पुन्हा कोरायचे अशा पद्धतीने केले असणार. पण त्याचा हात किती बरोबर होता हे ती दोन भोके पाहून कळत होते आणि त्या अनामिक माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

मधल्या काळाचा दुवा ‘१० पी’च्या खाचेने जुळवला. जुने १० पेन्सचे नाणे १९६८ पासून चलनात होते, २८.५ मिलिमीटर व्यासाचे आणि अकरा ग्रॅमहून थोडे जड, आणि १९९२ मध्ये त्याच्या जागी लहान नाणे आले. ते इतके जड होते की तरफेला हात न लावता फक्त नवीन खाच आणि तिच्यामागे पत्र्याची घसरगुंडी एवढे बसवले की काम भागत असे. तशीच पत्र्याची घसरगुंडी मूळ पितळी घसरगुंडीला झाळून जोडलेली होती. पुढे २० पेन्स घ्यायचे ठरले तेव्हा त्याचा २१.४ मिलिमीटरचा आकार तीन पेन्सच्या जुन्या वाटेला नेमका बसत होता. म्हणून कारागिराने जुनी वाट उघडली, फट पट्टीने अरुंद केली, वजन हलके केले आणि १० पेन्सची खाच बंद करून टाकली. दारावरचे तीनही टप्पे याप्रमाणे एकमेकांना धरून होते.

पण हे सारे दाराविषयी झाले. दार दुसऱ्या टेबलावरून आणलेले असेल तर टेबलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पबच्या टेबलांचे भाग सर्रास बदलले जात, आणि माझ्या मते अशा वस्तूंचे वय ठरवताना सर्वांत जास्त चुका होतात त्या एका भागाची तारीख पूर्ण वस्तूला चिकटवल्यामुळे. म्हणून मी सुटे भाग जुळवून पाहिले. दाराच्या वरच्या कडेला लोखंडी ठशाने ३१८ हा आकडा ठोकलेला होता. तोच आकडा चौकटीच्या आडव्या लाकडावर, गल्ल्याच्या पेटीच्या तळाशी आणि पुढच्या कुशनच्या, म्हणजे चेंडू आपटून परत येतो त्या कडेच्या, लाकडी पट्टीच्या मागे सापडला. चारही ठिकाणी ‘३’ चा खालचा वळसा एकाच जागी तुटका होता, म्हणजे ठसा एकच होता. या आकड्यावरून साल काढता येत नाही, आणि कोणी काढून दिले तर त्यावर विश्वास ठेवू नये. कारखान्यात एका टेबलाचे भाग दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून घातलेली ती खूण आहे. मात्र दार, चौकट, गल्ला आणि पुढची पट्टी एकत्रच जन्मली हे तिने ठरवले. मागच्या कुशनची पट्टी बिनआकड्याची आणि फिक्या लाकडाची होती, ती नंतरची.

निर्मात्याचे नाव गल्ल्याच्या पेटीतच मिळाले. आतल्या बाजूवर धुळीचा थर होता. तो कोरड्या मऊ ब्रशने काढल्यावर जेल्क्सचे नाव आणि लंडनमधील हॉलोवे रोड, एन.७ हा पत्ता असलेले चिकटचित्र दिसले. सोनेरी अक्षरांपैकी अर्धी उडालेली होती. इथे एक प्रश्न विचारायलाच हवा. जेल्क्सने हे टेबल बनवले, की दुसऱ्याने बनवलेले टेबल विकताना आपले नाव चिकटवले? भिंग धरून पाहिले तेव्हा चित्राच्या कडेवरून पॉलिशचा थर सलग गेलेला होता. पॉलिशच्या एका कोपऱ्यावर मेथिलेटेड स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस टेकवला, तर ते लगेच मऊ होऊन चिकट झाले, म्हणजे ते लाखेचे पॉलिश होते. बाहेरच्या बाजूला पुढे कधीतरी मारलेल्या वार्निशवर हा परिणाम झाला नाही. चित्र मूळ पॉलिशच्या खाली आहे, म्हणजे ते पॉलिश होण्याआधी लागले, आणि ते काम कारखान्यातच होते. दुकानदार आपले नाव तयार मालावर, वरून आणि दिसेल अशा जागी लावतो. गल्ल्याच्या आत, पॉलिशखाली, ते लावण्याची संधी बनवणाऱ्यालाच असते. निर्माता जेल्क्स, हा निष्कर्ष मी या आधारावर काढला.

आता १९३७ ते १९७१ ही चौतीस वर्षे कमी करायची होती. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनमध्ये लाकडावर सरकारी नियंत्रण आले आणि १९४२ पासून तर घरगुती फर्निचरसुद्धा ठरवून दिलेल्या साध्या नमुन्यांतच बनू लागले. हे निर्बंध १९५२ पर्यंत टिकले. पबच्या खेळाचे टेबल त्या वर्षांत नव्याने बनले असण्याचा संभव कमीच. म्हणजे हे टेबल एक तर १९३७ ते १९३९ मधले किंवा युद्धानंतर बऱ्याच काळाने बनलेले. गावकऱ्यांच्या आठवणीला पहिला पर्याय सोयीचा होता, आणि खरे सांगायचे तर मलाही तोच निघावा असे वाटत होते.

बनात तशीही फाटलेली होती, म्हणून समितीच्या परवानगीने ती उतरवली आणि स्लेटची लादी उघडी केली. लादी चौकटीला सहा स्क्रूंनी आवळलेली होती आणि प्रत्येक स्क्रूच्या खड्ड्यात भरलेले प्लास्टर जसेच्या तसे, वरून घासून सपाट केलेले होते. कुठेही पुन्हा उकरल्याची खूण नव्हती. लादी एकदाच बसली होती. आम्ही चौघांनी मिळून ती उचलली. खिडकीकडच्या कोपऱ्याखाली, लादी समतल करण्यासाठी, पुठ्ठ्याचे दुमडलेले तुकडे पॅकिंग म्हणून घातलेले होते. वर्षानुवर्षांच्या दाबाने ते पापडासारखे कडक झाले होते. त्यांतला एक तुकडा फिकट रंगाच्या छापील आवरणाचा होता. दमट टिपकागदात रात्रभर ठेवून तो उलगडला, तेव्हा ते अन्न मंत्रालयाच्या शिधापुस्तकाचे आवरण निघाले आणि त्यावर १९५३-१९५४ हे वर्ष छापलेले होते.

ब्रिटनमधले अन्नधान्याचे रेशनिंग ४ जुलै १९५४ रोजी संपले. त्या दिवसापर्यंत शिधापुस्तक जपून ठेवण्याची वस्तू होती आणि त्यानंतर ते रद्दी झाले. त्याचे आवरण फाडून टेबलाखाली घालावे असे कोणाला वाटले असेल तर ते त्या तारखेनंतर वाटण्याचीच शक्यता अधिक आहे. प्लास्टर अभंग असल्यामुळे हे पॅकिंग पहिल्याच बसवणुकीच्या वेळचे आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी मागाहून सरकवलेले नाही. रद्दी पुठ्ठा घरात काही वर्षे पडून राहू शकतो हे मी गृहीत धरले. तरी हत्यारांच्या पेटीत हाताशी असलेला तुकडा फार वर्षे टिकत नाही. म्हणून अहवालात मी असे लिहिले : निर्माता जेल्क्स, लंडन. पबमध्ये बसवणूक १९५४ ते १९६० च्या दरम्यान, त्यातही पहिल्या दोन-तीन वर्षांत होण्याचा संभव जास्त. मूळ यंत्र तीन पेन्सचे. १९६८ ते १९९२ च्या दरम्यान १० पेन्ससाठी आणि १९८२ नंतर २० पेन्ससाठी बदल. मागचे कुशन, बाहेरचे वार्निश आणि चेंडू नंतरचे.

लादी कारखान्यात बसवून आणली असती तर पॅकिंगची गरज पडली नसती, ही गोष्ट मी अहवालात वेगळी नोंदवली. लादी एकदा बसल्यावर पुन्हा उतरवल्याची खूणही प्लास्टरवर नव्हती. त्यामुळे हे टेबल नवेकोरेच या गावात आले आणि पब बंद होईपर्यंत तिथून हलले नाही, हीच शक्यता जास्त वाटते. गावातल्या मंडळींना १९३६ गेल्याचे वाईट वाटले, पण टेबल सुरुवातीपासून त्यांच्याच गावात असावे हे ऐकल्यावर त्यांच्यापैकी एक आजोबा उठून त्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ लादीवर हात ठेवून होते.

दाराला नवे भोक पाडायचे नाही असे समितीने ठरवले. घड्याळाचा खटका हाताने सोडता येईल अशी एक छोटी दोरी मी आतून जोडून दिली आणि तरफेला धक्का लावला नाही. खाचेतली पट्टी, शिशाचे वजन आणि ‘१० पी’चे झाकण जागच्या जागी परत बसवले, कारण तेही टेबलाच्या आयुष्याचेच भाग आहेत. शिधापुस्तकाचे आवरण पारदर्शक पाकिटात घालून, ते कुठे आणि केव्हा सापडले हे लिहून, गल्ल्याच्या पेटीत ठेवले. त्याच्या जागी कोपऱ्याखाली पितळी पत्र्याच्या दोन पट्ट्या घातल्या, आणि लादी खाली ठेवण्याआधी दोन्ही पट्ट्यांवर रेखणीच्या टोकाने त्या दिवसाची तारीख कोरली.